शिदोरी बांधणारी स्क्रिप्ट : छोट्या यंत्रांच्या फाइलसिस्टिमचा इतिहास

वसईत इतिहासाचं व्याख्यान म्हटलं की माणसं १७३९ साल आणि चिमाजी अप्पा यांची वाट बघत बसतात. आज होळीतल्या या सभेत किल्ला नाही, तोफा नाहीत. आज आम्ही तुमच्यासमोर एका स्क्रिप्टचा इतिहास मांडणार आहोत. म्हणजे चार-पाचशे ओळींची एक मजकुराची फाइल, जी चालवली की एका छोट्या यंत्राच्या पोटात जाणारी सगळी सामग्री तयार होते. असली फाइल तपासायला बसलं की काय काय दिसतं आणि ती नीट तपासली नाही तर कुणाचं काय बिघडतं, एवढाच आजचा विषय. ऐकायला रुक्ष वाटेल, पण या गोष्टीत रायगड जिल्ह्यातली एक शाळा आहे आणि आपली मराठी भाषाही आहे.

आधी शब्दांची ओळख करून घेऊ. तुमच्या घरातला वायफायचा डबा, टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स, दुकानातलं कार्ड घासायचं यंत्र, या सगळ्यांत एक छोटा संगणक असतो. त्यांना एम्बेडेड यंत्रं म्हणतात. त्यांत हार्ड डिस्क नसते, फ्लॅश मेमरीची एक चकती असते. त्या चकतीवर कारखान्यातच एक अखंड ठोकळा उतरवतात. त्यात सगळे फोल्डर, प्रोग्राम, परवानग्या, सेटिंग्ज आपापल्या जागी आधीच लावून ठेवलेल्या असतात. हा ठोकळा म्हणजे फाइलसिस्टिमची इमेज. आम्ही याला शिदोरी म्हणतो. लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला अर्ध्या वाटेवरून मीठ आणायला घरी येता येत नाही. जे बांधून दिलं तेच. आणि शिदोरी बांधणारे हात म्हणजे ती स्क्रिप्ट.

आता ही कल्पना कधीची? लोकांना वाटतं की मोबाइल आले, छोटी यंत्रं आली, मग हे आलं. तसं नाही. बेल लॅब्जच्या युनिक्सची सातवी आवृत्ती १९७९ ची. तिच्यात नवी फाइलसिस्टिम तयार करणारा जो प्रोग्राम होता, त्याला एक साधी यादी देता यायची. पहिल्या ओळीत यंत्र सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं नाव, दुसऱ्या ओळीत किती ब्लॉक आणि किती फाइलींची जागा, आणि पुढे फोल्डरामागून फोल्डर : नाव, परवानगी, मालक कोण, गट कोणता, मूळ फाइल कुठून उचलायची. फोल्डर संपलं की डॉलरचं चिन्ह. झालं. म्हणजे भरलेली, वापरायला तयार अशी डिस्क एका मजकुराच्या यादीवरून तयार व्हायची. आज लिनक्सच्या कर्नलमध्ये सुरुवातीची छोटी फाइलसिस्टिम बनवायला जी यादी देतात, ती या १९७९ च्या यादीशेजारी ठेवून पाहा. आजोबा आणि नातवाचं नाक सारखं असावं तशी ती दिसते. नाव, परवानगी, मालक, गट. मधल्या पंचेचाळीस वर्षांत नाक बदललं नाही.

यादी का लागते, हे जरा थांबून समजून घेऊ, कारण स्क्रिप्ट तपासणाऱ्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. तुमच्या आमच्या संगणकावर बसून आपण दुसऱ्या यंत्राची शिदोरी बांधतो. त्या यंत्रात बऱ्याच फाइलींचा मालक 'रूट', म्हणजे घरचा मुख्य, असायला हवा. काही तर खऱ्या फाइलीच नसतात, त्या उपकरणांच्या खुणा असतात, आणि त्या बनवायचा अधिकार साध्या वापरकर्त्याला नसतो. मग सोपी वाट कोणती? सगळी स्क्रिप्टच मुख्याच्या अधिकारात चालवायची. वर्षानुवर्षं लोकांनी हेच केलं. आणि मुख्याच्या अधिकारात चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये शेवटी साफसफाईची एक ओळ असते : ज्या तात्पुरत्या फोल्डरात बांधाबांध केली ते पुसून टाक. त्या फोल्डरचं नाव एका चलात ठेवलेलं असतं. काही कारणाने ते चल रिकामं राहिलं, तर 'या फोल्डरातलं सगळं पूस' याचा अर्थ 'मुळापासून सगळं पूस' असा होतो. किंवा बांधणीसाठी आपल्याच संगणकाचं उपकरणांचं फोल्डर आत जोडलेलं असतं, ते सोडवणं फसतं आणि पुढची पुसायची ओळ तशीच चालते. शिदोरी बांधता बांधता घराची चूल विझवण्यातला प्रकार.

म्हणून तपासणारा माणूस पहिलं काय बघतो? एखादी आज्ञा फसली तर स्क्रिप्ट तिथेच थांबते का, रिकाम्या चलावर ती ओरडते का, आणि मुख्याचा अधिकार खरंच लागतो का. या शेवटच्या प्रश्नाला डेबियनच्या मंडळींनी १९९७ च्या सुमारास एक मजेदार उत्तर काढलं. फेकरूट नावाचा प्रोग्राम. नाटकातल्या राजासारखा : स्क्रिप्टला वाटतं की आपण मुख्य आहोत, फाइलींचे मालक बदलले असंही तिला दिसतं, पण खऱ्या संगणकावर काहीच बदलत नाही. हे सोंग संपायच्या आत इमेज बांधून घ्यायची. दुसरं उत्तर म्हणजे पुन्हा ती यादी : उपकरणांच्या खुणा प्रत्यक्षात बनवायच्याच नाहीत, इमेज लिहिणाऱ्या प्रोग्रामला कागदावर सांगायचं की अमुक ठिकाणी अमुक खूण लिही.

डेबियनचा विषय निघालाच आहे तर बिझीबॉक्सचं नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. १९९५-९६ मध्ये ब्रूस पेरेन्स यांना डेबियन बसवण्याची सगळी सामग्री एका फ्लॉपीत मावायला हवी होती. १.४४ एमबी. त्यांनी अनेक छोट्या आज्ञा एकाच प्रोग्राममध्ये कोंबल्या. फ्लॉपी गेली, बिझीबॉक्स राहिला, आणि जगभरच्या डब्यांत जाऊन बसला. पुढे एरिक अँडरसन यांच्या भोवतीच्या मंडळींनी बिल्डरूट काढलं, २००३ मध्ये ओपनएम्बेडेड आलं, २०१० मध्ये योक्टो प्रकल्प जाहीर झाला. हे सगळे म्हणजे एकेकट्याच्या हातातल्या स्क्रिप्टचे पुढे झालेले कारखाने. त्यावर स्वतंत्र व्याख्यान होईल, आज नको.

आज आपण रायगडला जाऊ.

२००५ मध्ये निकोलस नेग्रोपोंटे यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगासमोर मांडली. दर मुलाला एक लॅपटॉप, इंग्रजी आद्याक्षरांनी ओएलपीसी. भारत सरकारने २००६ मध्ये नकार दिला. शिक्षण खात्याला त्यामागचं शिक्षणशास्त्र संशयास्पद वाटलं, आणि खरं सांगायचं तर तो नकार अगदीच अडाणीपणाचा होता असं आम्हाला आजही वाटत नाही. तरीही २००७ मध्ये भारतातला पहिला प्रयोग झाला, आणि तो झाला रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत. एक खोली, एक शिक्षक, पहिली ते चौथी, विसेक मुलं. त्या मुलांच्या हातात हिरवे-पांढरे, सशाच्या कानांसारखे अँटेना असलेले लॅपटॉप आले.

त्या लॅपटॉपचं नाव एक्सओ. पोटात काय होतं? ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी मेमरी आणि १ जीबी फ्लॅश. हार्ड डिस्क नाही. म्हणजे दिसायला लॅपटॉप, पण स्वभावाने एम्बेडेड यंत्रच. त्याची शिदोरी बांधायची होती फेडोरा लिनक्समधून, जे मोठ्या संगणकांसाठी बनलेलं. ती बांधणाऱ्या शेल स्क्रिप्टचं नाव होतं पिल्ग्रिम, म्हणजे यात्रेकरू. नाव आम्हाला फार आवडतं. वारीला निघालेल्या माणसाची पिशवीही अशीच मोजून भरलेली असते.

पिल्ग्रिमचं काम साधारण असं : एक रिकामी फाइल घ्यायची, तिच्यात फाइलसिस्टिम उभी करायची, ती जोडून फेडोराची निवडक पॅकेजेस तिच्यात बसवायची, नको ते काढून टाकायचं, हवे ते बदल करायचे, आणि शेवटी त्या झाडाची जेएफएफएस२ या प्रकारची इमेज करायची. जेएफएफएस२ ही डेव्हिड वुडहाउस यांनी रेड हॅटमध्ये असताना लिहिलेली, कच्च्या फ्लॅशसाठीच बनलेली फाइलसिस्टिम. कच्ची फ्लॅश म्हणजे काय, तर जिथे एक अक्षर बदलायचं असेल तरी अख्खा ब्लॉक पुसावा लागतो, आणि प्रत्येक ब्लॉक ठरावीक वेळाच पुसता येतो. एक्सओमध्ये हा ब्लॉक १२८ केबीचा. हिशेब करा : १ जीबीत ८,१९२ ब्लॉक.

आता तपासणाऱ्याच्या खुर्चीत बसा. स्क्रिप्टच्या शेवटच्या टप्प्यात एक ओळ आहे, इमेज तयार करणारी. तिच्यात ब्लॉकचा आकार दिलेला असतो. हा आकडा चुकला तर इमेज बनते. काही तक्रार नाही. फाइलचा आकारही बरोबर वाटतो. पण यंत्रावर उतरवली की कर्नल ओरडत सुटतो की मला अपेक्षित खूण सापडत नाही. ती खूण म्हणजे सोळाच्या पायातली १९८५ ही संख्या. जिने ही ओळ पडद्यावर वाहताना पाहिली आहे, तिला ते साल जन्मभर विसरता येत नाही. तसंच आकड्यातली आधी कोणती बाजू लिहायची, डावी की उजवी, हेही त्याच ओळीत. उलटं झालं तर अख्खी शिदोरी त्या यंत्राला परक्या लिपीत लिहिल्यासारखी.

त्यानंतरची ओळ आणखी मजेची. जेएफएफएस२ ला सुरू होताना सगळी फ्लॅश चाळून काढावी लागे, कारण कुठे काय आहे याची मध्यवर्ती नोंदवहीच तिच्यात नाही. १ जीबी चाळायला वेळ लागतो, आणि विसेक मुलं यंत्र चालू करून वाट बघत बसलेली असतात. हंगेरीतल्या सेगेद विद्यापीठातल्या गटाने यावर उपाय केला : प्रत्येक ब्लॉकच्या शेवटी त्या ब्लॉकची छोटी अनुक्रमणिका लिहायची, म्हणजे सुरू होताना तेवढीच वाचली की पुरे. ही सोय २००६ च्या सुरुवातीला लिनक्समध्ये आली. पण ती इमेजमध्ये घालायला वेगळा प्रोग्राम चालवावा लागतो. म्हणजे स्क्रिप्टमध्ये एक जादा ओळ. ती ओळ कुणी गाळली तर काहीही मोडत नाही, सगळ्या चाचण्या पास होतात, फक्त यंत्र सावकाश उठतं. अशा ओळी तपासणीत सर्वांत धोक्याच्या, कारण त्यांच्या नसण्याचा आवाज होत नाही.

मंडळी, आता आपल्या भाषेकडे येऊ.

१ जीबीत सगळं मावायला हवं. जागा कमी पडली की स्क्रिप्ट लिहिणारा माणूस काय कापतो? छापील मदतीची पानं कापतो. ठीक. जादा ड्रायव्हर कापतो. ठीक. आणि मग त्याला भाषांतरांचं फोल्डर दिसतं. त्यात शंभरेक उपफोल्डर, दोन-दोन अक्षरांच्या नावांचे. इंग्रजी ठेवा, बाकी पुसा, अशी एक ओळ. किती वेळा आम्ही ही ओळ निरनिराळ्या स्क्रिप्टमध्ये पाहिली असेल, मोजदाद नाही. त्या पुसलेल्यांत 'एम' आणि 'आर' ही दोन अक्षरं असतात. म्हणजे मराठी. कुणीही मराठीच्या विरुद्ध ठराव केलेला नसतो. साफसफाईच्या एका ओळीत ती जाते.

फेडोरासारख्या आरपीएम वापरणाऱ्या घराण्यात तर याहून सभ्य रीत आहे. पॅकेज बसवतानाच सांगता येतं की अमुक भाषांच्याच फाइली उतरव. ही सूचना स्क्रिप्टमध्ये नसते, एका सेटिंगच्या फाइलीत असते, आणि स्क्रिप्ट ती फाइल उचलते. म्हणून स्क्रिप्ट तपासणाऱ्याने नुसती स्क्रिप्ट वाचून चालत नाही. ती ज्या ज्या फाइलीला हात लावते त्या सगळ्या वाचाव्या लागतात.

फॉन्टचंही तसंच. लोहित नावाचे देवनागरीसकट अनेक भारतीय लिप्यांचे फॉन्ट रेड हॅटने खुल्या परवान्यावर दिले. त्यांच्या जन्माशी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचा संबंध आहे, श्री-लिपीवाले ते हेच. पॅकेजच्या यादीत ही एक ओळ. देवनागरी न वाचणाऱ्या तपासनिसाला ती चार एमबीची चैन वाटू शकते. ओळ काढली तर मराठी मजकूर जागेवर असतो, शब्दन् शब्द असतो, आणि पडद्यावर मात्र चौकोनामागे चौकोन दिसतात. खैराटच्या चौथीतल्या मुलीला परवाने, पॅकेज, स्क्रिप्ट यांतलं काही माहीत असण्याचं कारण नाही. तिला एवढंच दिसणार की या यंत्राला आपलं नाव लिहिता येत नाही.

एक्सओच्या बाजूने हे सांगायला हवं की त्यांनी याचा विचार केला होता. कीबोर्ड कुठल्या लिपीचा आणि भाषा कोणती हे इमेजमध्ये न ठेवता कारखान्यात त्या त्या यंत्राच्या वेगळ्या चिपवर लिहिलेलं असे. इमेज जगभर एकच, आणि सुरू होताना यंत्र स्वतःला विचारणार की मी कुठला. ही आखणी फार शहाणपणाची होती. पण ती चालायची तर त्या एकाच इमेजमध्ये सगळ्यांची भाषा असावी लागते, म्हणजे पुन्हा जागेचा प्रश्न. आणि जागेवरून मोठी रड झालीच. २००८ मध्ये उरुग्वेसारख्या ठिकाणांहून तक्रारी आल्या की मुलांनी फोटो, चित्रं साठवून फ्लॅश पूर्ण भरली की यंत्र नीट सुरूच होत नाही. आणि सुरू झाल्याशिवाय काही पुसता येत नाही. शिदोरी इतकी गच्च की डबाच उघडेना. इमेज बांधताना किती जागा मोकळी सोडली आणि भरल्यावर काय होईल, हा प्रश्न तपासणाऱ्याने विचारायचा असतो, कारण बांधणारा फक्त मावलं की नाही एवढंच बघत असतो.

पिल्ग्रिमनंतर ओएलपीसीने बांधणीची अवजारं बदलली. डॅनियल ड्रेक यांनी ओएलपीसी-ओएस-बिल्डर लिहिलं. त्यात एका साध्या सेटिंगच्या फाइलीत भाषा, कीबोर्ड, मुलांच्या कृती निवडून एखाद्या देशाला किंवा संस्थेला आपली इमेज आपण बांधता येऊ लागली. आमच्या मते त्या सगळ्या प्रकल्पातली ही सर्वांत कमी गाजलेली आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लॅपटॉप देणं निराळं आणि लॅपटॉपची शिदोरी बांधायची कृती देणं निराळं.

हा फरक कायद्यातही आहे, आणि तो फार लोकांना ठाऊक नसतो. लिनक्सचा कर्नल आणि बिझीबॉक्स ज्या जीपीएल परवान्याखाली आहेत, त्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ ची. त्यात मूळ कोडची व्याख्या करताना प्रोग्राम बांधण्यासाठी आणि बसवण्यासाठी लागणाऱ्या स्क्रिप्ट्सही धरल्या आहेत. म्हणजे डबा विकणाऱ्याने नुसता सी भाषेतला कोड दिला आणि बांधणीची स्क्रिप्ट दाबून ठेवली, तर देणं पुरं झालं नाही. २००३ मध्ये लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या वायफाय डब्यात लिनक्स आहे हे लोकांनी उघडकीला आणलं, कंपनीला कोड द्यावा लागला, आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं. खैराटला लॅपटॉप आले त्याच २००७ मध्ये बिझीबॉक्सच्या लेखकांनी अमेरिकेतला जीपीएलवरचा पहिला दावा लावला.

आपल्याकडे याच वाटेवरचं आणखी एक काम पवईला झालं. आकाश टॅबलेट आठवतो ना? पहिला ऑक्टोबर २०११ मध्ये आला आणि त्यावर हसू झालं. दुसरा आकाश ११ नोव्हेंबर २०१२ ला आला, ५१२ एमबी मेमरी, ४ जीबी फ्लॅश, आणि त्याची धुरा आयआयटी मुंबईकडे होती. त्यावर अँड्रॉइड होतं. पण इंजिनिअरिंगच्या मुलांना सी, पायथन, सायलॅब चालवायला हवं. पवईच्या गटाने अख्ख्या लिनक्सची फाइलसिस्टिम एका फाइलीत बांधून ती अँड्रॉइडच्या पोटात जोडण्याची युक्ती वापरली, आणि पूर्ण जीएनयू/लिनक्सही आकाशवर चालवून दाखवलं. आकाशची बातमी व्हायची ती किमतीची, सरकारला २,२६३ रुपयांना पडला याची. फाइलीतल्या त्या फाइलसिस्टिमची बातमी कोण करणार.

आता जरा भीतीच्या गोष्टी. एक जुनी : क्रॅमएफएस. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९९ मध्ये लिहिलेली दाबून बसवलेली छोटी फाइलसिस्टिम. जागा वाचवायला तिच्यात गटाचा क्रमांक फक्त आठ बिटांत ठेवला आहे. म्हणजे २५५ च्या वर आकडा गेला की वरचा भाग कापला जातो. २५६ चा होतो शून्य, आणि शून्य म्हणजे मुख्याचा गट. कुणा साध्या गटाला दिलेली फाइल बांधणीत मुख्याच्या गटाची होऊन बसते. प्रोग्राम इशारा छापतो, पण पाच हजार ओळींच्या वाहत्या मजकुरात एक इशारा कोण वाचतो? तपासणाऱ्याने विचारायचं : इशाऱ्यावर स्क्रिप्ट थांबते का?

दुसरी गोष्ट किल्ल्यांची. घराच्या हो, किल्ल्या. प्रत्येक यंत्राची एक गुप्त किल्ली असते, जिच्यावर बाहेरचा माणूस ओळखतो की हे तेच यंत्र. ती यंत्र पहिल्यांदा सुरू होईल तेव्हा तयार व्हायला हवी. पण स्क्रिप्टमध्ये बांधणीच्या वेळीच ती तयार झाली तर? मग एकच किल्ली त्या इमेजबरोबर लाखो घरांत. हे काल्पनिक नाही. २०१५ मध्ये एसईसी कन्सल्ट या संस्थेने चार हजारांहून अधिक यंत्रांच्या इमेज उघडून पाहिल्या आणि त्यांतून ५८० हून अधिक निरनिराळ्या गुप्त किल्ल्या काढल्या. त्यांतल्या दीडशेक किल्ल्या इंटरनेटवरच्या सुमारे ३२ लाख यंत्रांवर सुरक्षित वेबसाठी वापरात होत्या. पुढच्याच वर्षी मिराई आलं. त्याच्याकडे कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्या होत्या, आणि तेवढ्यावर त्याने जगभरचे कॅमेरे आणि डबे ताब्यात घेतले. हे पासवर्ड कुणीतरी इमेजमध्ये घातले होते, आणि कुणीतरी ती ओळ वाचून 'ठीक आहे' म्हटलं होतं, किंवा वाचलीच नव्हती.

आम्ही स्वतः अशी स्क्रिप्ट तपासतो तेव्हा एक जुनी रीत पाळतो. एकाच मालमसाल्यावर ती दोनदा चालवायची, दोन निरनिराळ्या दिवशी, शक्य तर दोन संगणकांवर, आणि दोन्ही इमेज बाइटला बाइट लावून बघायच्या. बहुतेक वेळा त्या जुळत नाहीत. कारणं क्षुल्लक असतात : फाइलींवर बांधणीची वेळ छापली गेली, फोल्डरातल्या फाइली निराळ्या क्रमाने उचलल्या, बांधणाऱ्याच्या संगणकाचं नाव कुठेतरी शिरलं. डेबियनच्या आसपासच्या लोकांनी २०१५ पासून यासाठी एक ठरावीक चलच रूढ केलं आहे, जे सगळ्या अवजारांना सांगतं की आजची तारीख नको, ही तारीख धर. क्षुल्लक फरक काढून टाकले की उरलेला फरक उठून दिसतो. आणि उरलेला फरक कधी कधी क्षुल्लक नसतो.

केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात दाखवून दिलं होतं की कोड कितीही वाचा, तो बांधणारं अवजारच खोटं असेल तर वाचणं फुकट. तेव्हा श्रोत्यांनी ते एक चतुर कोडं म्हणून ऐकलं असावं. आज तुमच्या घरातल्या डब्यात जे बसलं आहे ते कुठल्या स्क्रिप्टमधून आलं, कुणी चालवली, तो माणूस अजून त्या नोकरीत आहे का, हे विकणाऱ्या दुकानदाराला तर माहीत नसतंच, बऱ्याचदा बनवणाऱ्या कंपनीलाही नसतं. स्क्रिप्ट एका लॅपटॉपवर होती, लॅपटॉप बदलला.

घड्याळ साडेसातला टेकलं आहे. मागे बसलेल्यांपैकी दोघांनी आपले जुने वायफायचे डबे आणले आहेत असं कळलं. ते पुढे घेऊन या, पाठीवरचा नमुना क्रमांक वाचून बघू. तोवर प्रश्न असतील तर विचारा.